मुगुरेला चालतील असे ब्रेक पॅड

मुगुरे झोपायची ती फक्त गाडीत. पाळण्यात ठेवली की कुणीतरी दगा दिल्यासारखी आईकडे बघायची. पाठीला लेसोत, त्या रंगीत सुती कापडात, बांधून घेतली की मान उंच करून अख्ख्या गल्लीची चौकशी करायची. कुशीत घेतली तर तिला दूध आठवायचं. पण बापाची, किरागूची, निळी सुबारू सुरू झाली, मागच्या जाड नळीतून ती घुमणारी घुरघुर यायला लागली, की ही पाच महिन्यांची बाई ओठांचा चंबू करायची, एक जांभई द्यायची आणि गेट यायच्या आत गाढ. एकदा लागलेली झोप मग गाडी बंद केली तरी तासभर टिकायची. त्या तासात तिची आई वांजिराही शेजारी मान टाकून झोपून घ्यायची. बाळंतपणापासून तिच्या वाट्याला आलेली खरी झोप म्हणायची ती एवढीच.

"त्या गाडीनं आमच्या खिडक्या थरथरतात, आणि तुझी पोरगी झोपते?" वरच्या मजल्यावरची बाई विचारायची.

"पोटात होती तेव्हापासून तेच ऐकतेय," वांजिरा म्हणायची. "माझा आवाज नंतर ओळखायला लागली. आधी इंजिनाचा."

मुगुरे हे किरागूच्या आईचं नाव. पहिली मुलगी झाली की तिला नवऱ्याच्या आईचं नाव द्यायचं, यात कुणाला विचारायचं नसतं. आणि नाव दिलं की ती नुसती नावापुरती आजी राहत नाही, आजीच होते. त्यामुळे किरागू पोरीला सरळ 'आई' म्हणायचा. गावाकडून, न्याहुरुरूहून, सासूबाईंचा फोन यायचा तो असा :

"काय गं, मी झोपले का?"

"नाही आई, तुम्ही रडताय."

"दूध प्याले का मी?"

"दोनदा. दोन्ही वेळा माझ्या खांद्यावर काढलंत."

"असेल. माझं पोट पहिल्यापासून नाजूकच. दूध यावं म्हणून तू काळे वाल खातेस ना? अजून एक पोतं पाठवते."

तर असं सगळं चाललं होतं, आणि एक दिवस गाडीचे ब्रेक पॅड संपले.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही साधी गोष्ट झाली असती. मेकॅनिककडे जायचं, नवे बसवायचे, घरी यायचं. पण किरागू दिवसभर औषधांच्या दुकानात लोकांना खोकल्याच्या बाटल्या देणारा शांत माणूस, आणि संध्याकाळी सुबारूवाल्यांच्या क्लबचा सभासद. पॅड संपले म्हटल्यावर त्याचा चेहरा असा उजळला, की घरात दुसरं बाळ होणार आहे असं कुणालाही वाटावं. त्यानं क्लबच्या ग्रुपवर एक ओळ टाकली : पॅड संपलेत, काय घालू? जेवण होईपर्यंत तिथे भांडणं लागली होती. एकजण दुसऱ्याला म्हणाला, तुझ्या सल्ल्यानं मी गेल्या वर्षी भिंतीत गेलो. दुसरा म्हणाला, तू सल्ल्यानं नाही, स्वभावानं गेलास. शेवटी क्लबातला शर्यत जिंकलेला एकमेव माणूस बोलला : मी लाल डबीतले घालतो. झालं. किरागूनं लाल डबी आणली.

लाल डबीतले पॅड शर्यतीचे. त्यांचा स्वभाव असा, की तव्यासारखे तापल्याशिवाय ते कामाला लागत नाहीत, आणि तापेपर्यंत नुसते ओरडतात. शर्यतीच्या ट्रॅकवर ते दुसऱ्या वळणावरच तापतात. किरागूच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत मात्र वळणं नव्हती, स्पीडब्रेकर होते. शाळेपाशी, चर्चपाशी, खाटकापाशी, आणि एक कशापाशीच नाही असा. प्रत्येकापाशी गाडी हळू करायची, आणि प्रत्येकापाशी ती डुकराच्या पिल्लाला शेपटीनं उचलल्यासारखी किंचाळायची. खाटकाच्या दुकानातली गिऱ्हाइकं तर दचकून आत बघायची.

पहिल्याच सकाळी थंड ब्रेक लागलेच नाहीत आणि गाडी सावकाश, अगदी अदबीनं, वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन टेकली. खुर्ची मोडली. वॉचमन तेव्हा चहाला गेला होता, म्हणून त्याच दिवशी त्यानं चर्चमध्ये मेणबत्ती लावली. त्यानंतर किंकाळी कोपऱ्यावर ऐकू आली की तो आधी गेट उघडायचा आणि मग भिंतीला चिकटून उभा राहायचा.

मुगुरे पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंत झोपायची. दुसऱ्याला जागी व्हायची. तिसऱ्यापासून ती आणि ब्रेक एका सुरात.

दहा-बारा दिवसांत वांजिराची अवस्था बघण्यासारखी झाली. तिनं भाजीवालीपुढे पिशवी म्हणून मुगुरेचा लंगोट पसरला. भाजीवाली चार पोरांची आई, तिनं त्यात कांदे घातले, गाठ मारली आणि म्हणाली, "जा, झोप." पण झोपायचं कुठे?

"हे पॅड काढ," वांजिरा त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली.

"अगं, ते अजून तापलेच नाहीत! तापले की बघ, एकदम गप्प."

"कधी तापणार?"

"ट्रॅकवर."

"आणि ट्रॅकवर कधी जाणार?"

किरागूनं छताकडे पाहिलं. "ऑगस्टमध्ये बोलतायत. पाऊस नसेल तर."

"म्हणजे ऑगस्टपर्यंत मी जागी. पाऊस आला तर नाताळापर्यंत."

"वांजिरा, तसं नाही. ही गाडी पळते. पळणारी गाडी थांबायलाही पाहिजे. उद्या साधे गुळमुळीत पॅड घातले, न्याहुरुरूला निघालो, आणि घाट उतरताना ब्रेकनी हात वर केले तर? मागे कोण बसलेलं असतं? आई बसलेली असते."

हे मात्र खरं होतं. वांजिरा थकलेली होती, पण वेडी नव्हती. तो घाट तिला माहीत होता. उतारावर ट्रकांच्या चाकांतून निघणारा धूर तिनं पाहिला होता.

"मग थांबणारेही असतील आणि गप्पही बसतील, असे आण."

"तसं नसतं गं. थांबणारे वेगळे, गप्प बसणारे वेगळे. एवढ्या मोठ्या ग्रुपवर कुणाला सापडले नाहीत."

"त्या ग्रुपवर कुणाला बाळ आहे?"

किरागू विचारात पडला. "एकाला कुत्रा आहे."

"मी शोधते. जे आणीन ते बसवायचे. ग्रुपला विचारायचं नाही."

"तू?" तो हसणार होता, पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून त्यानं हसू गिळलं. "बरं. शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी वांजिरा मुगुरेला पाठीला बांधून किरिन्यागा रोडवर उतरली. त्या रस्त्यावर गाडीचा कुठलाही अवयव मिळतो. कधी कधी तर आपलाच परत मिळाला असं लोक म्हणतात. दोन्ही बाजूंना दुकानं, दारांवर लटकलेल्या नळ्या, आरसे, पट्टे, आणि प्रत्येक दारात एक हाका मारणारा.

"मम्मी, काय पाहिजे? आरसा? हॉर्न?"

"मम्मी, इकडे! बाळासाठी सीट दाखवू का?"

"ब्रेक पॅड," वांजिरा म्हणाली. "सुबारूचे. पळणाऱ्या सुबारूचे."

चार दुकानांतून माणसं एकदम बाहेर आली. मुगुरेनं पाठीवरून चौघांना नीट न्याहाळलं.

"लाल डबी घ्या," पहिला म्हणाला. टोपी उलटी घातलेला, उंच. "सगळे क्लबवाले तीच नेतात."

"ती कशी ओरडते?"

"म्हणजे?"

"ओरडून दाखव. थंड असताना, स्पीडब्रेकरपाशी."

उलट्या टोपीवाल्यानं आजूबाजूला पाहिलं. गिऱ्हाईक तर जाऊ द्यायचं नव्हतं. त्यानं घसा साफ केला आणि जी किंकाळी फोडली, ती ऐकून समोरच्या मटातूवाल्यानं, म्हणजे प्रवासी मिनीबसच्या ड्रायव्हरनं, खरोखर ब्रेक मारला. मुगुरेनं क्षणभर श्वास धरला आणि भोकाड पसरलं.

"हे नकोत," वांजिरा म्हणाली. "पुढचा."

आता सगळा रस्ता जमला. दुसऱ्या दुकानदारानं, जाडजूड, पोट काउंटरवर टेकवून उभा असलेल्यानं, पांढरी डबी पुढे सरकवली आणि ओठ मिटून नुसते दोन्ही हात पसरले.

"हा आवाज?"

"हाच. शून्य. लोण्यासारखे."

मुगुरे रडायची थांबली. वांजिराही डबी घेणारच होती, पण तिला घाट आठवला. "माणसं, सामान, सासूबाईंनी दिलेली वालांची पोती, एवढं घेऊन मोठा घाट उतरले, तर?"

जाडजूड माणसानं पोट काउंटरवरून उचललं. तो प्रामाणिक निघाला. "पहिल्या चार वळणांना धरतील, मम्मी. पाचव्याला पेडल जरा खाली जाईल."

"आणि सहाव्याला?"

"सहाव्याला प्रार्थना."

हशा पिकला. तिसऱ्या दुकानात एक बाई होती, न्येरूरा नावाची, चष्मा कपाळावर चढवलेली, आणि हा सगळा तमाशा चालू असताना मक्याचं कणीस खात बसलेली. तिनं कणीस बाजूला ठेवलं, हात पुसले आणि शेल्फवरून एक राखाडी डबी काढली.

"यांच्या कडा तिरप्या तासलेल्या असतात," ती म्हणाली. "मध्ये चीर आहे. आणि पाठीला हा रबरी पत्रा, म्हणजे थरथर आतच मरते. शर्यतीत जिंकणार नाहीत. पण घाट उतरतील."

वांजिरानं पॅड हातात घेतला, उलटा केला, अंगठा फिरवला. मग तिनं मुलीसाठी स्थळ बघायला आलेल्या बापासारखी उलटतपासणी सुरू केली.

"पहाटे थंड असताना धरतात?"

"धरतात."

"तापले की सोडतात?"

"तुमचा नवरा तुम्हाला घेऊन जितका जोरात चालवेल, तितक्यात नाही."

"चाकं काळी करतात?"

"थोडी करतात."

"ती तो पुसेल. आणि आवाज?"

न्येरूरानं चष्मा डोळ्यांवर ओढला. सगळा रस्ता कान टवकारून थांबला. तिनं मुगुरेकडे पाहिलं, ओठ जवळ आणले आणि अगदी हळू, झोपेत कुणीतरी कुशीवर वळावं तसं, "हुं," एवढंच केलं. मुगुरेनं विचार केला. मग एक सणसणीत ढेकर दिला.

"झालं, पसंत!" उलट्या टोपीवाला ओरडला, आणि सगळ्यांनी त्याला गप्प केलं.

"एक मात्र आहे," डबी पिशवीत घालताना न्येरूरा म्हणाली. "हे पॅड पहिल्या दिवशी नीट रुळवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. गाडी चालत असतानाच परत वेग. असं पुन्हा पुन्हा. शेवटी चांगले तापले की हळूहळू चालवत राहायचं, जळका वास जाईपर्यंत. गरम असताना थांबलात, तर पॅडचा छाप चाकाच्या डिस्कवर उमटतो. मग गाडी जन्मभर थरथरते आणि ओरडते. तेव्हा मला शिव्या द्यायला यायचं नाही."

रविवारी सकाळी बायपास रिकामा असतो. लोक चर्चमध्ये असतात किंवा चर्चला जायच्या तयारीत. किरागूनं आदल्या दिवशी पॅड बसवले होते. बसवताना तो पाना जरा जास्तच जोरात ठेवत होता. मुगुरेला मागे तिच्या उलट्या तोंडाच्या सीटमध्ये बांधलं होतं, शेजारी वांजिरा. पोरीला घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. घरी ती झोपली असती तर हे सगळं कशाला?

किरागूनं वेग घेतला. मग ब्रेक दाबला. वांजिराचा पट्टा छातीत रुतला. मुगुरे मऊ गादीत थोडी आत गेली, परत बाहेर आली. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. तिसऱ्या खेपेला वांजिराच्या लक्षात आलं, की हा झोकाच आहे. जरा मोठ्या हाताचा, इतकंच. मुगुरेच्या ओठांचा चंबू झाला. पाचव्या-सहाव्या खेपेला ती घोरत होती.

"धरतात गं," किरागू पुढून म्हणाला, जरासा नाइलाजानं. "चांगले धरतात."

शेवटचा ब्रेक मारला तेव्हा गाडीत करपलेल्या भाकरीसारखा वास भरला होता, आणि नेमक्या त्याच वेळी पुढच्या झाडाखालून एक पोलीस सार्जंट रस्त्यावर आला. पोट मोठं, मिशा मोठ्या, हात वर. एक निळी सुबारू लांबून उसळते, थबकते, परत उसळते, थबकते, हे तो बराच वेळ बघत होता.

"अरे देवा." किरागूचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नकोस!" वांजिरा दबल्या आवाजात म्हणाली.

"अगं, पोलीस आहे!"

"पॅड गरम आहेत! छाप उमटला तर परत तेच ओरडणं. किरागू, तू थांबलास ना, तर मी उतरून न्याहुरुरूला चालत जाईन."

किरागूनं ब्रेक सोडला, गाडी माणसाच्या चालीवर आणली आणि खिडकी खाली केली. सार्जंट शेजारून चालू लागला.

"गाडी थांबवा."

"थांबवतो ना साहेब. फक्त जरा वेळानं."

"जरा वेळानं?" सार्जंटनं पावलं लांब टाकली. "ब्रेक नाहीत का गाडीला?"

"आहेत साहेब! फार चांगले ब्रेक आहेत. म्हणून तर थांबत नाही."

सार्जंट पोट सांभाळत चालत राहिला. त्याच्या छातीवर ओकुमू असं नाव होतं आणि ते श्वासाबरोबर खालीवर होत होतं.

"पोरा," तो म्हणाला, "ब्रेक नाहीत म्हणून न थांबलेले मी पुष्कळ पाहिले. ब्रेक चांगले आहेत म्हणून न थांबणारा तू पहिला. आणि मगाशी काय चाललं होतं? पळव, दाब, पळव, दाब. आत कुणाला उचकी लागलीय का?"

त्यानं वाकून मागच्या खिडकीतून पाहिलं. वांजिरानं ओठांवर बोट ठेवलं. ओकुमूचा आवाज आपोआप खाली आला.

"झोपलीय?"

"झोपलीय."

"नाव काय?"

"आई," किरागू पुढून म्हणाला. "म्हणजे मुगुरे. म्हणजे माझी आई."

"कळलं, कळलं. माझा शेजारी पोराला बाबा म्हणतो आणि पोरगा त्याला हुकूम सोडतो." तो आता धापा टाकत होता. "मला नीट सांग, का थांबत नाहीस?"

किरागूनं सांगितलं : पॅड, डिस्क, छाप, वास. वांजिरानं खिडकीतून उरलेलं सांगितलं : लाल डबी, स्पीडब्रेकर, लंगोटातले कांदे. ती कुजबुजत होती आणि सार्जंट कान तिच्याकडे करून तिरका चालत होता. चर्चला निघालेल्या टोप्यांतल्या बायका रस्त्याच्या कडेला थांबून हे दृश्य बघू लागल्या. एकीनं क्रूसाची खूण केली.

"हे बघ," ओकुमू शेवटी म्हणाला, "उभ्यानं चौकशी मी करू शकतो. पळत नाही करू शकत. दार उघड."

चालत्या गाडीत, मिशांसकट, पोटासकट, तो पुढच्या सीटवर आला. दार ओढलं, आणि तिघांनीही एकदम श्वास धरला. त्यानं ते इंचाइंचानं आणलं, खांद्यानं दाबलं. क्लिक. मुगुरेनं नाक आक्रसलं, सोडलं.

"आमची जुळी होती," तो कुजबुजला. "माहीत आहे मला."

मग निळी सुबारू, जिच्या आवाजानं अख्खी वस्ती थरथरायची, ती बायपासवरून बैलगाडीच्या वेगानं चालली. एका सायकलवाल्यानं तिला मागे टाकलं आणि वळून पाहिलं. ओकुमूनं नाक वर करून हुंगलं. "अजून वास आहे." पुढे गेल्यावर किरागूनं हुंगलं. "कमी झाला." मग सगळे हुंगत बसले.

"आता वळव," शेवटी ओकुमू म्हणाला. "मला माझ्या झाडापाशी सोड. आणि तिथे थांबावं लागेल, सांगून ठेवतो. चालत्या गाडीत चढलो ते चढलो. उतरणार नाही."

परतीची वाट संपत आली. झाड जवळ येऊ लागलं. किरागूनं जीभ ओठांवरून फिरवली. वांजिरानं मुगुरेच्या पापण्यांवर डोळे लावले. त्या पापण्यांच्या मागे तिच्या पुढच्या सगळ्या रात्री होत्या, नाहीतर ऑगस्टपर्यंतची जाग होती. ओकुमूनं, कशासाठी ते त्याचं त्यालाच माहीत, टोपी काढून मांडीवर ठेवली.

किरागूनं ब्रेक दाबला. अगदी हळू, शाळेपाशी दाबतात तसा.

काहीच झालं नाही. म्हणजे गाडी थांबली, पण दुधावर साय धरावी तशी थांबली. कधी थांबली ते कळलंच नाही. मुगुरेचा ओठ एकदा हलला आणि परत सैल पडला.

ओकुमूनं दार न लावता पाय बाहेर टाकले. "पुन्हा असली उडी-थांब माझ्या रस्त्यावर नको," तो दमात घेत कुजबुजला. मग त्याला राहवलं नाही. "कुठून आणलेस रे हे पॅड?"

"सोपं नव्हतं साहेब," वांजिराला किरागूचा आवाज आला, जरासा लांबून. "सगळे म्हणत होते, असे पॅड मिळतच नाहीत. पण मी म्हटलं, शोधायचेच. शेवटी मीच शोधून काढले."

वांजिराचे डोळे अर्धे उघडले. यावर बोलायला हवं होतं. तिनं पहिलं वाक्य जुळवलंसुद्धा, चांगलं झणझणीत. पण तोंड उघडायच्या आतच तिची मान मुगुरेच्या सीटच्या कडेवर कलली, आणि ते भांडण उठल्यावर करायचं असं ठरवून ती झोपली.